शॉर्टकट कुठे अडतो? मेनूच्या की-जोड्यांचा माग काढण्याची पद्धत

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका गाळ्यावरून दिवाणजींचा फोन आला. "साहेब, तपशिलात रुपयाचं चिन्ह टाकायला गेलं की थकबाकीचा रिपोर्ट उघडतोय. पट्टी अर्धी राहते आणि शेतकरी समोर बसलेला असतो." पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाचा कागद. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात सॉफ्टवेअरची तीच आवृत्ती होती. मी दहा वेळा करून पाहिलं, रिपोर्ट काही उघडेना. चिन्हही उमटेना. खरं तर उत्तर त्या न उमटणाऱ्या चिन्हातच होतं, पण ते मला कळलं दुसऱ्या दिवशी, तुर्भ्याला उतरून गाळ्यावर गेलो आणि दिवाणजींच्या मागे उभा राहिलो तेव्हा.

त्या प्रकरणाकडे पुढे येतोच. आधी त्यातून जी पद्धत बसली ती सांगतो. मी रोज विनफॉर्म्सवर, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिहिण्याच्या एका टूलकिटवर, काम करतो, त्यामुळे उदाहरणं मुख्यतः तिथली आहेत. डब्ल्यूपीएफ, क्यूटी, स्विंग किंवा इलेक्ट्रॉन या दुसऱ्या टूलकिटमध्ये गोष्ट वेगळी वागते तिथे तसं सांगितलं आहे.

मूळ मुद्दा एकच. बोट कीवर पडल्यापासून मेनूची आज्ञा चालेपर्यंत एक ठरलेली वाट असते आणि त्या वाटेवर नाके असतात. शॉर्टकट चालला नाही याचा अर्थ एखाद्या नाक्यावर कुणीतरी ती की ठेवून घेतली. नाका सापडेपर्यंत कोडला हात लावू नका. अंदाजाने बदल केले की एक शॉर्टकट सुटतो आणि दुसरे दोन बिघडतात.

फोनवरच विचारायचे प्रश्न

"शॉर्टकट चालत नाही" एवढ्यावर कामाला लागू नका. पहिला प्रश्न: माऊसने मेनू उघडून तीच ओळ क्लिक केली तर काम होतं का? होत नसेल तर बिघाड आज्ञेत आहे, शॉर्टकटचा काही संबंध नाही. ओळ फिकट दिसत असेल तर ती बंद का आहे ते शोधा. माऊसने काम होत असेल तरच पुढे जायचं.

दुसरा प्रश्न: त्या वेळी कर्सर कुठे होता? रकमेच्या चौकटीत, ग्रिडमध्ये (ओळी-रकान्यांच्या तक्त्यात), की कुठेच नाही? रिकाम्या खिडकीत शॉर्टकट चालतो आणि ग्रिडमध्ये उभं राहिलं की चालत नाही, एवढं कळलं तरी अर्धं काम झालं.

तिसरा: टास्कबारवर भाषा कुठली दिसते, मराठी की इंग्रजी? इंग्रजी असेल तर कुठली, अमेरिकेची की भारताची? हा प्रश्न मी पूर्वी विचारत नव्हतो. आता न चुकता विचारतो.

चौथा: आकडे वरच्या ओळीतले दाबता की उजवीकडच्या नंबरपॅडवरचे? हिशेबाचं काम करणाऱ्यांचा उजवा हात कायम नंबरपॅडवर असतो. प्रोग्रॅमच्या दृष्टीने वरचा १ आणि नंबरपॅडचा १ या दोन वेगळ्या की आहेत. विनफॉर्म्समध्ये पहिलीचं नाव डी१ आणि दुसरीचं नमपॅड१. तुम्ही कंट्रोल+डी१ नेमलं असेल तर नंबरपॅडवरून ते कधीच चालणार नाही. अधिक आणि वजा या चिन्हांचंही तसंच. मेनूच्या एका ओळीला एकच जोडी नेमता येते, म्हणून नंबरपॅडची जोडी फॉर्मच्या (म्हणजे खिडकीच्या) प्रोसेस-कमांड-की या पद्धतीत स्वतः पकडून त्याच आज्ञेकडे वळवा. शिफ्टच्या जोडीने तर नंबरपॅड वापरूच नका. नमलॉक चालू असताना शिफ्ट धरून तिथला १ दाबला की विंडोज त्याचा एंड करतं.

की कोणकोणत्या नाक्यांवरून जाते

की दाबली की आधी ती विंडोजकडे जाते. कुठली की-मांडणी चालू आहे, म्हणजे कुठल्या कीने कुठलं अक्षर निघायचं, हे तिथे ठरतं. एखाद्या दुसऱ्या प्रोग्रॅमने ती जोडी साऱ्या यंत्रासाठी राखून ठेवली असेल तर ती तिथूनच परस्पर त्याच्याकडे जाते. स्क्रीनचा फोटो काढणारी, आवाज बदलणारी, ग्राफिक्स सांभाळणारी सॉफ्टवेअर असं आरक्षण करतात. तिथून सुटली की तिचा निरोप (मेसेज) आपल्या प्रोग्रॅमच्या रांगेत येतो. मग ज्या चौकटीत कर्सर आहे तिला विचारलं जातं, "ही आज्ञेची की आहे का?" ती नाही म्हणाली की तिच्या पालकाला, त्याच्या पालकाला असं करत प्रश्न फॉर्मपर्यंत चढतो आणि तिथे मेनूच्या शॉर्टकटशी पडताळणी होते. कुणीच घेतली नाही तर ती साधी की म्हणून पुन्हा चौकटीकडे जाते, तिथे की-डाऊन घटना घडते आणि अक्षर उमटतं.

यातला क्रम लक्षात ठेवा: विनफॉर्म्समध्ये मेनूची पडताळणी की-डाऊनच्या आधी होते. म्हणून एकच जोडी मेनूतही नेमली आणि की-डाऊनमध्येही लिहिली, तर की-डाऊनमधला कोड चालतच नाही. नवीन मुलं तिथे ब्रेकपॉइंट लावून बसतात आणि तो कधी लागत नाही.

दोन ठिकाणी नोंद ठेवा

हे सगळं डोक्यात मांडत बसण्यापेक्षा प्रोग्रॅमलाच बोलतं करा. दोन ठिकाणी दोन-चार ओळी पुरतात.

पहिली नोंद वाटेच्या सुरुवातीला. अॅप्लिकेशनला एक मेसेज-फिल्टर जोडा आणि त्यात दोनच निरोप टिपा: साधी की दाबल्याचा, म्हणजे २५६ क्रमांकाचा, आणि आल्टसह दाबल्याचा, म्हणजे २६० क्रमांकाचा. (एफ१० आल्टशिवाय दाबली तरी ती २६० म्हणूनच येते, कारण ती मेनूपट्टी जागी करणारी की आहे. एफ१० शॉर्टकट म्हणून नेमू नका.) दुसरी नोंद मुख्य फॉर्मच्या प्रोसेस-कमांड-कीमध्ये, मूळ पद्धतीला हाक मारण्याच्या आधी. दोन्हीकडे वेळ, की-जोडी आणि त्या क्षणी फोकस कोणाकडे होता ते लिहा.

नोंद वाचणं सोपं आहे. पहिल्या ठिकाणीच काही नाही, म्हणजे की आपल्यापर्यंत पोचलीच नाही. बाहेर बघा: दुसऱ्या प्रोग्रॅमचं आरक्षण, लॅपटॉपची एफएन की, रिमोट डेस्कटॉप. पहिल्या ठिकाणी आहे पण दुसऱ्या ठिकाणी नाही, म्हणजे मधल्या एखाद्या चौकटीने ती गिळली. बाहेरून विकत आणलेले ग्रिड हे सर्रास करतात. दोन्हीकडे आहे आणि तरी काम होत नाही, म्हणजे बिघाड मेनूच्या मांडणीत आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. साध्या अक्षरांची नोंद ठेवू नका. ज्या दाबण्यात कंट्रोल, आल्ट किंवा एफची की आहे तेवढीच टिपा. नाहीतर त्या फाइलमध्ये लोकांचे पासवर्ड जमा होतात. काम झालं की फाइल पुसा आणि गिऱ्हाइकाला तसं सांगा.

कोड बदलता येत नसेल तर व्हिज्युअल स्टुडिओबरोबर येणारं स्पाय प्लस प्लस खिडकीवर लावून तेच निरोप बघता येतात. लिनक्सवर एक्सईव्ही हे छोटं साधन कीचं नाव दाखवतं.

रुपयाच्या चिन्हाचं काय झालं

आता गाळ्यावर या. दिवाणजींनी तपशिलाच्या चौकटीत "हमाली" लिहिलं, जागा सोडली, उजव्या अंगठ्याने उजवीकडची आल्ट दाबली आणि डाव्या हाताने वरच्या ओळीतला ४. थकबाकीचा रिपोर्ट समोर. नोंदीत बघितलं तर तिथे कंट्रोल+आल्ट+डी४ होतं. दिवाणजींनी कंट्रोलला बोटही लावलं नव्हतं.

कारण असं. विंडोजच्या भारतीय इंग्रजी मांडणीत उजवी आल्ट आणि ४ मिळून ₹ उमटतो. ज्या मांडणीत उजव्या आल्टला असं अक्षरं काढण्याचं काम दिलेलं असतं, तिथे विंडोज ती दाबताच सोबत कंट्रोलही दाबल्याचं प्रोग्रॅमला सांगतं. म्हणजे उजवी आल्ट ही कंट्रोल+आल्टच होते. आमच्या रिपोर्टांना कंट्रोल+आल्ट+१ पासून ६ पर्यंत शॉर्टकट नेमलेले होते आणि चौथा थकबाकीचा. ₹ आणि आमचा मेनू एकाच जोडीवर बसले होते. मेनूची पडताळणी आधी होते, म्हणून अक्षर उमटण्याची वेळच यायची नाही. गाळ्यावरच्या जुन्या संगणकात अमेरिकी मांडणी होती, तिथे उजवी आल्ट फक्त आल्ट असते. नवा संगणक भारतीय मांडणी घेऊन आला आणि वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला कोड एका दिवसात चुकीचा ठरला. माझ्या मशीनवर अमेरिकीच मांडणी होती, म्हणून ना रिपोर्ट उघडला ना चिन्ह उमटलं.

₹ हे चिन्ह १५ जुलै २०१० ला स्वीकारलं गेलं. त्याआधी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल+आल्ट+४ नेमलेलं असेल तर लिहिणाऱ्याची चूक नाही. पण आज हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते राहू देणं चूक आहे. विंडोजच्या मार्गदर्शक सूचनाही कंट्रोल+आल्टच्या जोड्या टाळायला सांगतात, कारण इतर अनेक भाषांच्या मांडण्यांतही त्याच जोडीने अक्षरं निघतात. तुमच्या मेनूत अशा जोड्या असतील तर आजच यादी काढा.

बदल करताना मी आधी कंट्रोल+शिफ्ट+आकडा असा विचार केला होता, पण तो सोडला. अनेक भाषा बसवलेल्या यंत्रात कंट्रोल+शिफ्ट आणि डावी आल्ट+शिफ्ट या जोड्या भाषा किंवा मांडणी बदलण्यासाठी लागू शकतात, आणि कंट्रोल+शिफ्ट+० तर बऱ्याच यंत्रांवर विंडोजच गिळतं. शेवटी रिपोर्ट शिफ्टच्या जोडीने एफच्या कींवर नेले. गाळ्यावर डेस्कटॉपचे मोठे कीबोर्ड आहेत म्हणून हे चाललं. लॅपटॉपवर एफच्या की आधी आवाज आणि उजेडासाठी असतात, तिथे एफएन धरावी लागते, हे गिऱ्हाइकाला आधी विचारून घ्या.

की मेनूपर्यंत पोचते, तरी काही होत नाही

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवलेला सापळा पहिल्यांदा सांगतो. मेनू उघडताना ड्रॉपडाऊन-ओपनिंग घटनेत आपण ओळी चालू-बंद करतो. निवडलेली नोंद नसेल तर "पट्टी छापा" बंद, असेल तर चालू. दिसायला बरोबर. पण शॉर्टकट दाबला की मेनू उघडत नाही, म्हणून ती घटनाही घडत नाही. शेवटच्या वेळी मेनू उघडला होता तेव्हा ओळ बंद होती, तर ती बंदच राहते आणि बंद ओळीचा शॉर्टकट चालत नाही. वापरणारा मेनू उघडून बघतो तर ओळ चालू दिसते, मेनू बंद करून शॉर्टकट दाबतो तर तोही चालतो. तक्रार आली की "आता चालतंय" असं उत्तर मिळतं आणि बिघाड तसाच राहतो. उपाय: निवड बदलते त्या क्षणी ओळ चालू-बंद करा, मेनू उघडण्याची वाट बघू नका. किंवा ओळ कायम चालू ठेवा आणि आज्ञेच्या आतच तपासणी करून "आधी पट्टी निवडा" असा निरोप दाखवा. दिवाणजींसारख्यांना दुसरा मार्ग जास्त उपयोगी पडतो. काहीच न होण्यापेक्षा कारण कळणं बरं.

बाकीची कारणं भराभर बघू. ज्या ओळीखाली उपमेनू आहे तिचा शॉर्टकट चालत नाही. एकच जोडी दोन ओळींना नेमली तर विनफॉर्म्स कुठलीही सूचना न देता एकीलाच चालवतं. साधं अक्षर किंवा फक्त शिफ्ट+अक्षर शॉर्टकट म्हणून घेतलं जात नाही, नेमतानाच अपवाद फेकला जातो. मेनूत दिसणारा मजकूर आणि खरी जोडी या वेगळ्या गोष्टी आहेत. शॉर्टकट-की-डिस्प्ले-स्ट्रिंगमध्ये हाताने "कंट्रोल+पी" लिहिलं आणि शॉर्टकट-कीज रिकामं ठेवलं तर मेनू ते दाखवेल, चालवणार नाही.

दुहेरी नेमणुकीसाठी प्रोग्रॅम सुरू होताना साऱ्या मेनूंच्या ओळी उपमेनूंसकट फिरून जोड्या गोळा करा आणि एखादी दुसऱ्यांदा दिसली तर विकासाच्या आवृत्तीत मोठ्याने थांबा. वीस ओळींचं काम आहे. आमच्याकडे ते लिहिल्यावर पहिल्याच दिवशी तीन दुहेरी जोड्या सापडल्या.

डिलीटची की

यासाठी वेगळी जागा देतो, कारण यात लोकांचा डेटा जातो. विनफॉर्म्स डिलीट ही की एकटी शॉर्टकट म्हणून नेमू देतं. "नोंद काढून टाका" या ओळीला ती नेमावीशी वाटते. पण मघाचा क्रम आठवा: मेनू चौकटीच्या आधी. वजनाच्या चौकटीत ५२ चा एक आकडा खोडायला कुणी डिलीट दाबलं, तर आकडा राहतो आणि अख्खी नोंद जाते. तसंच कंट्रोल+सी, कंट्रोल+व्ही, कंट्रोल+झेड. ग्रिडच्या ओळी कॉपी करण्यासाठी मेनूत कंट्रोल+सी नेमलं की चौकटीतलं साधं कॉपी बंद पडतं.

मी असं करतो: या कींचा मेनूत फक्त मजकूर दाखवतो, शॉर्टकट नेमत नाही, आणि ग्रिडच्या स्वतःच्या की-डाऊनमध्ये त्या हाताळतो. मग फोकस ग्रिडवर असेल तेव्हाच नोंद जाते. तीही विचारून.

मराठी मांडणीत काय होतं

मेनूला दोन प्रकारे कीबोर्डवरून गाठता येतं आणि दोन्ही वेगळ्या नियमांनी चालतात. कंट्रोल+एस हा शॉर्टकट कीच्या सांकेतिक क्रमांकावर जुळतो. इन्स्क्रिप्ट या मराठी मांडणीत एसच्या जागी एकारची मात्रा असते, सीच्या जागी म, व्हीच्या जागी न, पण विंडोजमध्ये कीचा क्रमांक तोच राहतो. म्हणून मराठीत टाइप करतानाही कंट्रोल+एस चालतो. तुम्ही मात्र उमटलेल्या अक्षराशी तुलना करून स्वतःचा शॉर्टकट लिहिला असेल तर मराठी मांडणीत तो हमखास मरतो. क्रमांकाशीच तुलना करा.

दुसरा प्रकार अधोरेखित अक्षराचा, आल्टच्या जोडीने दाबायचा. तो अक्षरावर जुळवला जातो. विनफॉर्म्समध्ये त्या अक्षराआधी अँपरसँड (&) लिहितात. मेनू मराठीत करताना "जतन करा" मधल्या ज वर तो ठेवला, तर इंग्रजी मांडणीत तो गाठता येत नाही. उलट नावाशेवटी कंसात रोमन अक्षर ठेवलं तर मराठी मांडणीत अडचण. दोन्हीकडे चालणारं एक अक्षर नाही. म्हणून मराठी मेनूत महत्त्वाच्या आज्ञांना खरा शॉर्टकट द्याच, आणि नुसती आल्ट दाबून बाणांनी सगळीकडे पोचता येतं का ते स्वतः माऊस बाजूला ठेवून तपासा.

इतर टूलकिट वापरत असाल तर

डब्ल्यूपीएफमध्ये मेनूच्या ओळीचा इनपुट-जेश्चर-टेक्स्ट हा निव्वळ मजकूर आहे. खरी जोडी खिडकीच्या इनपुट-बाइंडिंग्जमध्ये की-बाइंडिंग म्हणून लिहावी लागते. तिथल्या तक्रारी मी बघतो तेव्हा पहिल्यांदा हेच तपासतो. अधोरेखित अक्षरासाठी तिथे अँपरसँडऐवजी अंडरस्कोर लागतो.

थेट विंडोज एपीआयवर लिहिलेल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये निरोपांच्या फेऱ्यात ट्रान्सलेट-अॅक्सिलरेटरची हाक आहे का बघा. ती नसेल तर मेनूत कंट्रोल+एस छापलेलं दिसतं आणि काहीही होत नाही. संवादचौकट उघडी असताना तिचा फेरा वेगळा असतो, म्हणून तिथे मुख्य मेनूचे शॉर्टकट चालत नाहीत.

क्यूटीमध्ये एकच जोडी दोन अॅक्शनला नेमली तर दोन्ही चालत नाहीत आणि कन्सोलवर संदिग्ध शॉर्टकटची सूचना येते. ती सूचना वाचा, तिथेच उत्तर असतं. स्विंगमध्ये क्रम विनफॉर्म्सच्या उलट आहे: फोकस असलेल्या घटकाला पहिली संधी, मेनूला नंतर. म्हणून तिथे मजकुराची चौकट मेनूचा शॉर्टकट गिळते. इलेक्ट्रॉनमध्ये मॅकसाठी एडिट मेनू काढून टाकला की कॉपी-पेस्टही बंद होतं. त्या मेनूत कॉपी आणि पेस्टच्या भूमिका परत ठेवा. विनफॉर्म्समध्ये वेबव्ह्यू-टू बसवला असेल तर फोकस त्यात असताना कंट्रोल+पी पानच छापायला घेतं आणि एफ५ पान ताजं करतं. त्याच्या सेटिंगमध्ये ब्राउझरचे शॉर्टकट बंद करता येतात.

रिमोट डेस्कटॉपवरून काम चालत असेल तर जोडणीच्या खिडकीतलं विंडोजच्या की-जोड्या कुठे लागू करायच्या हे सेटिंग बघा. आल्ट+टॅबसारख्या जोड्या तुमच्या यंत्रावर अडणं किंवा तिकडे पोचणं त्यावर ठरतं.

दुरुस्तीनंतर

तपासणी ऑफिसातल्या यंत्रावर संपवू नका. विंडोजमध्ये भारतीय इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही मांडण्या बसवा, विंडोज+स्पेसने बदलत जा, आणि प्रत्येक शॉर्टकट तीन ठिकाणांहून दाबून बघा: मजकुराच्या चौकटीतून, ग्रिडमधून आणि रिकाम्या खिडकीतून. प्रत्येक चौकटीत ₹ उमटवून बघा. एक यंत्र नंबरपॅडवाल्या कीबोर्डचं असू द्या.

आणि शॉर्टकट बदलला असेल तर ज्यांची बोटं जुन्या जोडीला सरावली आहेत त्यांना प्रत्यक्ष भेटा. गाळ्यावर मॉनिटरच्या कडेला शॉर्टकटचा एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता, दिवाणजींच्याच अक्षरात. तो काढून तिथेच बसून नवा लिहिला. थकबाकीसमोर शिफ्ट+एफ४ लिहून झाल्यावर दिवाणजींनी तपशिलात "हमाली ₹" टाकलं, एंटर दाबला आणि पुढची पट्टी घेतली.